सवतीचं नाक

गुणवंता जुनी देवळं जपायची पदवी घेऊन नागपुराहून आरमोरीला परतला, पण वर्ष लोटलं तरी काम मिळेना. तो रोज नदीकाठच्या पडक्या देवळात जाई नि तिथल्या नाक तुटलेल्या दगडी नर्तकीचं तोंड कुंचल्यानं हळुवार पुसत बसे. घरी त्याची बायको शकू आतल्या आत जळे. अखेर गावच्या जमीनदारानं, मालगुजारानं, देवळाच्या डागडुजीची नोकरी देऊ केली. पहिलं काम, त्या नर्तकीला नवं नाक बसवायचं. गुणवंता नाही म्हणून आला.

"काऊन जी, त्या सटवीपायी चालून आलेली नोकरी सोडली?"

"नवं नाक लावलं तर ती तीच राह्यते का? जे हाये ते जसंच्या तसं जपायचं, हेच तं शिकलो मी."

शकूचा हात गालावरच्या देवीच्या वणांवर थांबला.

"उद्या मलेबी न्या," ती म्हणाली, "माह्या सवतीले पाहाले."