डोक्यापासून टाचेपर्यंत

घोडा उधळू नये म्हणून सोबतीच्या नेस्तोरने त्याचा कान दातात धरला होता. डोळ्यांवर पोत्याचं फडकं बांधलेलं. तरी तो राखी घोडा जागच्या जागी थरथरत होता, आणि ते थरथरणं भीतीचं नव्हतं. याच घोड्याने तीन महिन्यांपूर्वी त्यांच्याच कामातल्या तिबुर्सिओला पाडलं होतं. पाडून तो पळाला नव्हता. मागे वळून आला होता.

लिबोरिओने खोगिराचा पट्टा तिसऱ्यांदा ओढून पाहिला.

घोडे वठणीवर आणणं हे त्याचं रोजचं काम. बारा वर्षांत त्या कामाला कुणी टाळी वाजवली नव्हती. बरगडी मोडली तर मालक म्हणायचे, उद्या ये. आज मात्र सान हुआनचा सण. दोन रँचच्या दोन मालकांची जेवता जेवता पैज लागली होती. शेजारच्याने घोडा आणला, लिबोरिओच्या मालकांनी, डॉन हासिंतोंनी, माणूस दिला. बैलगाड्या गोल लावल्या, त्यांवर बायकापोरं चढली, मालकांना खुर्च्या टाकल्या. जे काम करताना माणसं मरत होती, ते आता बघायची चीज झालं होतं.

समोरच्या खांबावर बक्षीस टांगलं होतं. काळा सूट. वाऱ्याने उडू नये म्हणून फळीवर खिळ्यांनी ताणून बसवलेला. त्याला हात लावायची मनाई होती.

लिबोरिओला तो सूट हवा होता. डेल्फिनाच्या बापाने सरळ सांगितलं होतं, "चामड्याच्या विजारीतला जावई मी चर्चमध्ये उभा करणार नाही. कोट आण, नाहीतर पोरीचा नाद सोड." लग्न येत्या रविवारी होतं. लग्नात नवऱ्याच्या मागे उभं राहायला धर्मपिता लागतो. लिबोरिओने डॉन हासिंतोंना विचारलं, तेव्हा ते हसले. "बघू. आधी सान हुआन तर पार पडू दे."

आठ दिवसांपूर्वी फाकुंदोकाकाने त्या सुटाचं माप घेतलं होतं. गावात कपडे शिवायचे तर फाकुंदो, दार बसवायचं तर फाकुंदो, शवपेटी ठोकायची तरी फाकुंदोच. त्याने छाती मोजली, खांदे मोजले, आणि मग डोक्यापासून टाचेपर्यंत दोरी सोडली.

"काका, टोपीपण शिवताय का?" लिबोरिओने चेष्टा केली होती. फाकुंदो हसला नव्हता.

आत्ता डॉन हासिंतो खुर्चीतून उठले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "सूट तुझाच, लिबोरिओ. घोडा काहीही करो."

गाड्यांवरून आरोळ्या उठल्या. केवढं मन मालकांचं. मागून कुणीतरी ओरडलं, "मग बसतोस कशाला लेका, पडून मोकळा हो."

लिबोरिओ बसला. नेस्तोरने कान सोडला आणि फडकं ओढून घेतलं.

त्या काळी या खेळाला घड्याळ लावत नव्हते. घोडा थांबेपर्यंत बसायचं, नाहीतर आपण संपेपर्यंत. पहिल्या उडीतच त्याची जीभ दाताखाली आली. चौथ्या उडीला नाकातून रक्त आलं. मग उड्या मोजायचंही भान राहिलं नाही. घोडा एकदा आडवा पडला, लिबोरिओचा पाय अंगाखाली दाबून परत उठला, तरी तो वरच होता. गाड्यांवरचा आवाज केव्हाच बंद पडला होता. शेवटी घोडा मान खाली घालून उभा राहिला. त्याच्या पोटावरून फेस गळत होता. लिबोरिओ उतरला, तेव्हा त्याला दोन्ही पायांवर उभं राहता येईना.

डॉन हासिंतोंनी त्याला मिठी मारली. "लग्नात याच्या मागे मी उभा राहणार," त्यांनी जाहीर केलं. मग शेजारच्या मालकाकडे वळून म्हणाले, "पुढच्या वर्षी नीट कुंपण घालू. बाकडी टाकू. लोकांना आवडलं."

फाकुंदोने फळीसकट सूट दुकानात नेला. लिबोरिओ लंगडत मागे गेला. काकाने एकेक खिळा काढला, आणि कोट त्याच्या हातात न देता स्वतःच समोरून चढवला. बाह्या बरोबर बसल्या. छाती बरोबर बसली.

पाठीला वारा लागला.

लिबोरिओने हात मागे नेला. कोटाला पाठच नव्हती. मानेपासून खाली नुसता सदरा, आणि कोटाच्या दोन कडा नाड्यांनी बांधायच्या.

त्याला तिबुर्सिओ आठवला. जन्मभर ठिगळं लावून हिंडलेला माणूस शवपेटीत असाच काळा सूट घालून पडला होता, आणि मालकांच्या उदारपणाने सगळ्यांचे डोळे भरून आले होते. कोपऱ्यात, भिंतीला टेकून, एक नवी पेटी उभी होती. लिबोरिओ तिच्याजवळ जाऊन उभा राहिला. उंची तंतोतंत होती.

"कधी सांगितलं होतं मालकांनी?"

"घोडा आणायचं ठरलं त्याच दिवशी." फाकुंदो जमिनीकडे बघत होता. "पाठ मातीलाच लागते ना. म्हणाले, मागचं कापड कशाला वाया घालवायचं." मग तो घाईघाईने सुईदोरा शोधू लागला. "काढ पोरा, काढ तो. घरात काळं कापड आहे माझ्या. पाठ लावून देतो. रविवारपर्यंत कुणाला कळणारही नाही."

लिबोरिओने कोट काढला नाही. आरशात त्याने स्वतःला समोरून पाहिलं. नवरदेव दिसत होता.

"नका शिवू, काका," तो म्हणाला. "रविवारी मालक माझ्या मागेच उभे राहणार आहेत."