शेजारची गिरणी

प्रयोगशाळेशेजारच्या पिठाच्या गिरणीच्या हादऱ्यांनी माझा प्रयोग बिघडेल, म्हणून ती हलवावी, असा अर्ज मी नगरपालिकेत दिला होता. तरीही परीक्षक आले त्या दिवशी गिरणीवाल्या शिरपतमामांनी माझ्या विनंतीवरून गिरणी थांबवली.

खडखडाट थांबला आणि एरवी शहाण्यासारखा झुलणारा माझा मोटरवरचा लंबक परीक्षकांसमोर वेड्यासारखा गरगरू लागला. मग आठवलं, सोमवारीही तो असाच बिघडायचा. सोमवारी गिरणी बंद!

"मामा, सुरू करा!" मी खिडकीतून ओरडले.

"दळण कुठंय?" म्हणत त्यांनी घरचेच गहू ओतले. टेबल वाटेल तसं थरथरलं आणि त्या हादऱ्यांनीच लंबक ताळ्यावर आला.

प्रबंधाच्या ऋणनिर्देशात पहिलं नाव मामांचं आहे. ते वाचून त्यांनी हळूच विचारलं, "आणि पोरी, तो अर्ज?"

मी नवा अर्ज दाखवला: गिरणी इथून हलवू नये.