लाल आधी जातो

"लाल आधी जातो," नंदकिशोर म्हणाले. "पाच-सहा मीटरवरच मान टाकतो बिचारा. मग नारिंगी, मग पिवळा. तीस मीटरवर बोट कापलं तर रक्त हिरवं दिसतं."

"बाबा, दिवा कोणता ते सांगा," क्षिप्रा म्हणाली.

उलव्याच्या फ्लॅटमध्ये भरदुपारी पडदे ओढून बापलेक दिवे पारखत होते. नंदकिशोरांचं आयुष्य समुद्राच्या पोटात गेलं होतं. आधी बंदरात जहाजांचे तळ दुरुस्त केले, मग अंदमानात लोकांना डायव्हिंग शिकवलं. आता त्यांना एक शेवटची खोल बुडी हवी होती, आणि जोडीदार म्हणून लेकच हवी होती. क्षिप्राला धास्ती एकच होती. बाबांची हवा मध्येच संपली तर?

तिने पहिला दिवा लावला. लाल गोधडी सगळी उजळली.

"नको. पाणी गढूळ असलं की रुंद झोत कणांवर आपटतो नि सगळं पांढरं होतं. घाटात धुक्यात हाय बीम लावून बघ, कळेल."

दुसऱ्याचा झोत अरुंद होता. गोधडीवर एक लाल ठिपका पेटला. नंदकिशोर जरा वेळ बघतच राहिले.

"हा घे. खाली भिंत असते गो, काळी ठिक्कर. झोत पडला की लाल, केशरी, जांभळी, पेटतेच एकदम. बघायला कोणी नसताना एवढा रंग कोणासाठी ठेवलाय, मला अजून कळलं नाही."

हे क्षिप्राने लहानपणापासून ऐकलं होतं. तरी अंगावर काटा आलाच.

इतक्यात रणजीतचा फोन आला. करंजाड्याहून टाक्या तोच पुरवायचा.

"ताई, जोडीच घ्या. एक संपली तर दुसरी हाय. सिलिकॉनचा मास्क पन आलाय नवा, गालाला रुतत न्हाई."

"जोडीच दे. उद्या सकाळी आण," क्षिप्रा म्हणाली.

नंदकिशोरांनी नाही म्हणून हात हलवला. "एकच टाकी. जास्त हवा असली की माणूस खाली रेंगाळतो. जितका रेंगाळेल, तितकं वर येणं लांबतं, नि जड जातं."

"म्हणून काय कमी हवा घेऊन जायचं? बाबा, हट्ट करू नका."

"हट्ट तुझा आहे."

क्षिप्राची आई वैजयंती पेजेची वाटी घेऊन आली. "दोघं एकाच माळेचे मणी," ती म्हणाली. "अहो, चार घास घ्या. पोट जड नको, पण अगदी रिकामंही नको."

त्यांनी दोन चमचे घेतले आणि वाटी सारली. मग थांबत थांबत गंगारामची गोष्ट काढली. गंगाराम त्यांचा जुना जोडीदार. एकदा खोलवर दोघांसमोर बसएवढा मासा आला, अंगभर पांढरे ठिपके, चांदणं पोहत असल्यासारखा. नंदकिशोर श्वास घ्यायचे विसरले. आणि नेमका तेव्हाच गंगारामने अंगठा वर केला.

"अंगठा म्हणजे बुडी संपली. वर निघालो. तो कोणीही, कधीही दाखवावा. समोरच्याने का म्हणून विचारायचं नाही. स्वतःच्या हातावर उजेड पाडायचा, आपलाही अंगठा दाखवायचा, की झालं."

"मग तुम्ही दाखवलात?"

"दाखवला. जिवावर आलं होतं, पण दाखवला. का ते आजतागायत विचारलं नाही."

क्षिप्राने हातातला दिवा विझवला. या नियमाचा तिला लहानपणापासून राग होता.

संध्याकाळी तयारी झाली. मास्क चढला, पट्टा कानामागे बसला. टाकीची चावी फिरली आणि हवेचा बारीक सुस्कारा ऐकू आला. आता बोलणं बंद, फक्त हातांच्या खुणा.

ते खाली निघाले.

लाल गेला. नारिंगी गेला. पिवळाही विरघळला आणि सगळं निळं झालं, मग त्याहून गडद. क्षिप्राने अरुंद झोत भिंतीवरून फिरवला. बाबांचे डोळे झोताच्या मागे मागे जात होते, पहिल्यांदाच जत्रा बघणाऱ्या पोरासारखे. त्यांना कसलीच भीती नव्हती. ते बघून क्षिप्राचा ऊर भरून आला. अजून खोल जावं, अजून थांबावं, हे संपूच नये असं तिला वाटलं.

नंदकिशोरांनी अंगठा वर केला.

तिने पाहून न पाहिल्यासारखं केलं. झोत दुसरीकडे नेला.

त्यांनी हात पुन्हा उचलला. या वेळी तो जेमतेम वर आला, पण अंगठा ताठ होता.

का, हा शब्द तिच्या ओठांपर्यंत आला होता. तिने तो गिळला. दिवा वळवून स्वतःच्या हातावर धरला आणि त्या उजेडात आपला अंगठा वर केला.

मास्कच्या आड नंदकिशोर हसले.

वैजयंतीने पुढे होऊन खिडकीचा पडदा सारला. खूप खाली रस्त्यावरचे दिवे लागत होते. क्षिप्राने बाबांच्या पायावरची लाल गोधडी सारखी केली आणि फोन लावला.

"रणजीत, उद्याची जोडी नको. बाबांच्या उशाशी आहे तेवढा ऑक्सिजन पुरेल."