आता तिचा नंबर

निर्मळ गावातल्या वाडीत आत्मारामांनी नात पूर्वीसाठी ट्रॅम्पोलिन लावली. फुलांच्या जुड्या बांधायच्या केळीच्या सोपटाने स्प्रिंगांवरची गादी घट्ट आवळली. पूर्वीला बजावलं, आत एका वेळी एकच जण, आणि भोवतीच्या जाळीची चेन बंद.

वीस उड्या मारून पूर्वी खाली उतरली.

"आजोबा, आता तिचा नंबर."

"कोणाचा गं?"

पूर्वीने ट्रॅम्पोलिनकडे बोट दाखवलं. आत कोणीच नव्हतं. तरी मधोमध कापड दबत होतं, उसळत होतं, दोन इवल्या पावलांएवढं. मग ती पावलं उघड्या चेनीकडे सरकू लागली.

"अगं, पडशील बाळा!" म्हणत आत्माराम धावले आणि त्यांनी चेन वर ओढली.

जाळीतून त्यांच्या हातावर एक छोटासा तळहात टेकला. उड्या मारून मारून घामेजलेला, ऊन ऊन.