भरीत पार्टी
जितेंद्रभाऊच्या शेतात भरीत पार्टी होती. कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजायला मी आणि खाटेवर बसून युद्ध जिंकायला गावातले शूरवीर. मोबाईलवर परदेशातल्या युद्धाच्या बातम्या चालू होत्या. सकाळी कुठलासा विमानतळ जळाला, दुपारी कुणाची इमारत कोसळली. प्रत्येक स्फोटाला इथे टाळ्या. "आता ते बंदर उडवा रे!" मोबाईलवर एक बंदर दिसताच जितेंद्रभाऊ ओरडले. त्याच बंदरावर माझा मुलगा हसनैन वेल्डिंग करतो आणि सकाळपासून त्याचा फोन लागत नाही, हे मी त्यांना आल्याआल्याच सांगितलं होतं. वांगं फुटू नये म्हणून भाजण्याआधी टोचावं लागतं. मी एक न टोचताच निखाऱ्यात सरकवलं. ते धाडकन फुटलं. खाट उलटली, दोघे कपाशीत पळाले, जितेंद्रभाऊ ट्रॅक्टरखाली घुसले. "नासीर, काय पडलं रे?" खालून बारीक आवाज आला. "वांगं शे, भाऊ. बाहेर या. बंदर उडायचं बाकी शे."