हजार गाणी मावणारा प्लेयर

भुसाराच्या दुकानापायी सोमेश्वरचं आईजवळ घटकाभर बसणं होत नव्हतं. ती बोच मिटवायला तो आईला, बसम्माला, घेऊन गेवराईला एमपीथ्री प्लेयर घ्यायला गेला.

दुकानदारानं दोन पुढं ठेवले. "ह्यात शंभरच गाणी मावतात, पण बंद करून परत लावलं की थांबलं तिथूनच वाजतंय. त्यात हजार मावतात, पण दर टायमाला पहिल्यापासून."

बसम्माचा हात शंभरवाल्याकडं गेला.

"आई, पोतं घ्यावं तर मोठंच घ्यावं," म्हणत सोमेश्वरनं हजारवाला बांधून घेतला.

महिन्यानं एकदा तो जेवायला लवकर घरी आला, तर आई एका हातात प्लेयर अन् दुसऱ्या हातात रुद्राक्षाची माळ घेऊन बसलेली. बटण दाबायची, मणी ओढायची. सोमेश्वरला लई हलकं वाटलं.

"गाण्याच्या नादानं जप वाढला की गं तुझा."

बसम्मानं मणी बोटात तसाच धरून ठेवला.


"जप कुठला, बाबा? मला कपिलधारच्या यात्रेतलं ते एकच भजन ऐकायचं असतंय. तीन माळा बटण दाबलं की लागतंय."