रोबोटला हार

रोबोटच्या चारही हातांना झेंडूचे हार घातले होते, अंगावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं होतं. खंडेनवमीच्या पूजेसाठी द्वारका चौकाजवळच्या एका हॉस्पिटलने त्याला ऑपरेशन थिएटरमधून मुद्दाम खाली हॉलमध्ये आणलं होतं. समोरच्या रांगेत पाच म्हातारे बसवले होते. सगळ्यांचा प्रोस्टेटचा कॅन्सर याच हातांनी काढलेला.

त्यातले सहादू गांगुर्डे एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून रिटायर झालेले. ऑपरेशननंतर त्यांची लघवी ठिबकायची थांबली नव्हती. हे कधी थांबणार, एवढंच त्यांना मोठ्या डॉक्टरांना विचारायचं होतं. ओपीडीत दर वेळी दुसराच कुणीतरी भेटायचा. आज डॉक्टर स्वतः भेटतील, असं हॉस्पिटलच्या जाहिरातीचं बघणाऱ्या मयूरने सांगितलं, म्हणून ते आले.

पाहुण्यांचा पत्ता नव्हता. सहादूंचं डायपर कधीच भरलं होतं. त्यांच्या बायकोने, विमलाबाईंनी, पिशवीतून दुसरं काढलं, तसा मयूर धावत आला.

"आत्ता उठू नका काका, पाहुणे गेटवर आलेत. आणि बोलताना एवढंच बोला. तिसऱ्या दिवशी घरी गेलो, त्रास काही नाही."

"आन तरास हाय त्याचं काय?"

"ते ओपीडीत सांगा ना. आज जरा छान छान."

मग त्याने खुर्च्यांमागे फिरून गुलाबाच्या वासाचा स्प्रे मारला. लघवी आणि गुलाब असा वास एक झाला.

पाहुणे आले. आरती झाली. कापराची काजळी रोबोटच्या हाताला लागली, ती मोठ्या डॉक्टरांनी आपल्या रुमालाने हलकेच पुसली. बघून किळस यावी इतकी ती माया होती. ते हात ज्यांच्या पोटात गेले होते, त्यांच्याकडे डॉक्टरांनी अजून वळूनही पाहिलं नव्हतं.

सहादूंच्या हातात माईक आला. ते उभे राहिले.

"तिसऱ्या दिवशी घरी गेलो," ते म्हणाले. मयूरने मान डोलावली. "कॅन्सर गेला, तुमचे लय उपकार हायेत. पण लघवी थांबत नाय. आत्ता बोलतोय तवाबी चालूच हाय. कधी थांबल, तेवढं सांगा साहेब."

पाहुण्यांनी पाय मागे घेतले. एका बाईने नाकाला पदर लावला. विमलाबाई मात्र डॉक्टरांकडेच बघत होत्या.

डॉक्टर हसले. "काका, असं एखाद्यालाच होतं हो. बाकीचे बघा, किती मजेत आहेत." आणि टाळी वाजवून म्हणाले, "चला, आता रोबोटबरोबर एक फोटो. सगळे उभे राहा."

फोटोग्राफरने कॅमेरा डोळ्याला लावला. सहादू उभेच होते. बाकीचे चौघे बसून होते.

"उठा ना काका," मयूर म्हणाला.

एकाने शर्टाचं टोक मांडीवर ओढून घेतलं. दुसरा फरशीकडे बघू लागला. चौघांपैकी एकही जण खुर्चीवरून उठेना.